होळग्यांचा डबा कुणाचा

अण्णा, तुझ्या तेराव्याच्या होळग्या झकास झाल्या होत्या. हे आधी सांगून टाकते, कारण तू असतास तर पहिला प्रश्न हाच विचारला असतास. आचारी होळगी म्हणून जरा जाड पुरणपोळीच लाटत होता, पण पुरण इतकं मऊ वाटलं होतं की शैलावहिनीनंसुद्धा आग्रहाशिवाय अर्धी खाल्ली. जायफळ मात्र जास्त पडलं. तुला आवडायचं म्हणून मीच आचाऱ्याच्या मागं लागले होते. परिणाम असा झाला की जेवण आटोपताच अर्धी पंगत पेंगायला लागली आणि गुरुजी दक्षिणेचं पाकीट हातात धरून भिंतीला टेकून घोरायला लागले. तू बघितलं असतंस तर त्यांची नक्कल वर्षभर पुरवली असतीस.

आता मुद्द्यावर येते. धारवाडच्या कोर्टात इतकी वर्षं वकिली केली, पण तुझ्यासारखा पक्षकार बघितला नाही. तू आणि मी एकाच गोष्टीवरून सतत भांडत आलो, आणि तू पुढची तारीखही न देता निघून गेलास. भांडण इतकंच, की आईला खरं सांगायचं की नाही. मी म्हणायची, सांगायचं. तू म्हणायचास, जीव गेला तरी नाही. तुझा गेला, आणि मी तेराव्यालाच सांगून टाकलं. काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून हे लिहायला बसले.

भेटायला येणारी माणसं आधी वहिनीकडं बघतात, मग आईकडं, आणि शेवटी माझ्याकडं बघून गडबडतात. त्यांचा अंदाज चुकलाय हे तोंडावर दिसतं. आपण दोघं सख्खी भावंडं, दोघांना जन्मापासून तोच थॅलसेमिया. पण माझा जड आणि तुझा हलका. मला दर काही आठवड्यांनी हुबळीला जाऊन दुसऱ्याचं रक्त चढवून घ्यावं लागतं, नाहीतर जिना चढताना धाप लागते. तुला ते क्वचित कधीतरी, ताप-बिप आला तर. तेव्हा आधी जायचा मान माझा, हे सगळ्या नातेवाइकांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. मीही ठरवलं होतं, खोटं कशाला बोलू. आणि तू गोकुळ रोडवरच्या तुझ्या वर्कशॉपमध्ये, लेथ चालू, हातात चहा, कुणालातरी चिडवता चिडवता खाली बसलास तो उठलाच नाहीस. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली. डॉक्टरबाईंनी तुला बजावलं होतं, हलका आहे म्हणजे नाही असं नव्हे, तपासायला येत जा. तू म्हणायचास, "हो की, येतो की." तुझं 'येतो की' आणि धारवाडच्या नळाचं पाणी, दोन्हींची वाट बघणाऱ्यानं बघतच राहावं.

रागावले आहे मी तुझ्यावर. पण तुझ्यावरचा राग कधी तास-दीड तासापेक्षा जास्त टिकला नाही, आणि आताही टिकत नाहीये.

लहानपणी माझ्या रक्ताच्या दिवसाला तू 'पेट्रोल' म्हणायचास. "वसूची टाकी रिकामी झाली, पेट्रोल भरून आणूया." दवाखान्यातल्या पलंगावर मी आणि शेजारी तू, माझ्यासाठी आणलेली बिस्किटं खात. "तुझे दोन्ही हात अडकलेत ना, मग वाया जातील की," असं वर म्हणायचास. एकच हात अडकलेला असायचा. पुढं तुझं वर्कशॉप सुरू झालं तेव्हा रक्त द्यायला तू तिथली पोरं घेऊन यायचास, अंगाला ग्रीसचा वास येणारी, सुई बघून घाबरणारी तगडी पोरं. त्यांना धीर देताना म्हणायचास, "जगातल्या सगळ्यांचं चालतं बघ हिला, फक्त सख्ख्या भावाचं चालत नाही." हसत म्हणायचास, पण प्रत्येक वेळी म्हणायचास. ते मला ऐकू यायचं.

एक गोष्ट मात्र मला लहानपणापासून डाचत होती. तुझा आजार हलका का, याचं उत्तर सगळ्यांनी आपापल्या परीनं शोधून ठेवलं होतं. ते म्हणजे हिंमत. अण्णा हिमतीचा, त्यानं आजाराला जवळ फिरकू दिलं नाही. अण्णा पहाटे उठतो, रागीची आंबील पितो, सायकल मारत कॉलेजला जातो. आणि मग माझ्याकडं वळून, माया करत, "वसू, तूही मन जरा घट्ट कर गं." म्हणजे मी दर महिन्याला पलंगावर पडते ते माझं मन सैल म्हणून! तूही त्यात सामील होतास. मला गूळ, खजूर, मनुका चारायचास, रक्त वाढेल म्हणून. जुन्या डॉक्टरबाईंनी ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. "अहो, दर वेळच्या रक्तातून हिच्या अंगात आधीच लोह साठतंय, ते काढायला मी गोळ्या देतेय, आणि तुम्ही खजूर चारताय?" तू तिथल्या तिथं उरलेला खजूर खाऊन टाकलास.

आणि आत्या. अप्पांची ही थोरली बहीण हुबळीत कोप्पीकर रोडच्या मागं एकटी राहते, पण तिचं मत आपल्या धारवाडच्या घरात कायम मुक्कामाला असायचं. तिचं मत होतं की आजार आईकडून आला. डॉक्टर सांगून थकले, की हा आजार असा नुसता एकीकडून येत नाही, अर्धा आईकडून आणि अर्धा वडिलांकडून, दोन्ही अर्धे जमले तरच होतो. आत्या ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ते असू दे. पण सुमे, आमच्यात कुणाला असलं काही नाही बघ." सुमी म्हणजे आपली आई. आई काही बोलायची नाही. तूच बोलायचास. "आत्या, अप्पांनी मामाची मुलगी केली की नाही? म्हणजे आईचं माहेर हेच तुझं आजोळ. स्वतःच्या आजोळालाच नावं ठेवायलीस होय?"  आई आणि आत्या आधी मामे-आते बहिणी, मग नणंद-भावजय. आपल्याकडं दोन घरांत एक तरी लग्न असं व्हायचंच, ओळखीतली मुलगी, ओळखीतला मुलगा, कुणाला काही विचारायला नको. रक्तात काय ओळखीचं आहे ते मात्र कुणी विचारलं नाही.

अप्पा गेले त्याच्या पुढच्या वर्षी नव्या डॉक्टरबाई आल्या, आणि त्यांना चैन पडेना. भावंडं सख्खी, दोघांच्या जनुकांतला दोष तंतोतंत एकच, मग एक सायकल मारतोय आणि एक पलंगावर का? त्यांनी आपल्या दोघांच्या आणखी चाचण्या केल्या. निकाल सांगताना त्या 'अल्फा' आणि 'बीटा' म्हणायला लागल्या. माझं डोकं गरगरलं, पण तुला लगेच कळलं. तू खुर्ची पुढं ओढलीस.

"म्हणजे बाई, नट आणि बोल्ट. दोन्ही जुळले की हिमोग्लोबिन."

"म्हणा तसं."

"आमच्या दोघांकडं नट कमी पडायलेत. बोल्ट मात्र भराभर निघायलेत. मग बिनकामाच्या बोल्टांचा ढीग पडतो आणि त्यानंच सगळी नासाडी होते."

"बरोबर. तांबड्या पेशी त्यानंच मोडतात."

"मग माझ्याकडं ढीग कमी का?"

"कारण तुमचं बोल्टाचं मशीनही थोडं बिघडलेलं आहे," बाई म्हणाल्या. "हा वेगळाच दोष, तोही जन्मापासूनचा. तुमचे बोल्टही कमी निघतात, म्हणून ढीग कमी. बहिणीचं ते मशीन धडधाकट आहे, म्हणून तिच्याकडं ढीग जास्त. अर्थात एवढंच कारण असेल असं नाही. आणखीही काही गोष्टी असतात, आम्हाला सगळ्या अजून कळलेल्या नाहीत."

तू खुर्ची मागं सरकवलीस. मग म्हणालास, "म्हणजे मी इतकी वर्षं आंबील उगाचच प्यालो!"

त्या दिवशी घरी येताना रायापूरजवळ तू मोटारसायकल बाजूला घेतलीस. मला वाटलं, चहा प्यायचाय. तू हेल्मेट काढून म्हणालास, "वसू, मी फुकटची शाबासकी खाल्ली गं आजवर." इतकंच. पुन्हा हेल्मेट घातलंस. पण त्यानंतर कुणी तुझ्या हिमतीचं कौतुक केलं की तू त्याला तिथंच अडवायचास, लग्नमांडव असो की बाजार. "हिंमत हिची. माझं नुसतं मशीन बिघडलेलं हाय." त्यानं मला किती हलकं वाटलं ते मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते. लहानपणापासून उरावर ठेवलेला दगड तू उचललास, अण्णा, आणि उचलताना विनोदही केलास, म्हणून आभार मानायची संधी दिली नाहीस.

हे दुसरं बिघडलेलं मशीन तुझ्याकडं आलं कुठून, हा पुढचा प्रश्न. आत्याला बातमी लागायचा अवकाश, तिनं फोनवरच निकाल दिला. "आमच्याकडनं! दुसरं कुठनं येणार?" आजार सुमीकडचा आणि उतारा आपल्याकडचा, अशी तिनं सरळ वाटणी केली. बाई म्हणाल्या, वडील नाहीत, पण आईचं रक्त तपासलं तरी कळेल. आईनं रक्त दिलं. निकालाच्या दिवशी आपण तिघं चिगरी बसनं हुबळीला निघालो. आई खिडकीशी, मी तिच्या शेजारी, तू वरची दांडी धरून उभा. आई बाहेर बघत होती. रायापूर मागं पडलं आणि ती एकदम म्हणाली, "माझ्याकडनं आलं असलं ते, तर वसूला का नाही दिलं गं मी?"

मी तिची पिशवी सावरली. तूच म्हणालास, "आई, बस हलायलीय, नीट धरून बस बघू." तुझा चेहरा मी तेव्हा बघितला होता.

दवाखान्यात आई आत आलीच नाही. "मला काय कळणार, तुम्हीच ऐका," म्हणून बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. आत बाईंनी सांगितलं, आईकडून आलंय, शंकाच नाही. तिच्याकडं अशी एक धड आणि एक बिघडलेली प्रत आहे. तुला बिघडलेली मिळाली, मला धड. आपण बाहेर आलो. आई उठून उभी राहिली. आणि तू, एक क्षणही न थांबता, गोकुळ रोडवर गिऱ्हाईकाला 'संध्याकाळपर्यंत काम होतंय की' म्हणतोस त्या सुरात म्हणालास, "तुझ्यात काय सापडलं नाही, आई. अप्पांकडनं आलंय."

आईनं हात जोडले. "बरं झालं बाई. त्यांनी तरी पोराला काहीतरी दिलं."

त्या एका वाक्यावरून आपण पुढं किती भांडलो! तू म्हणायचास, तिचा जीव भांड्यात पडला, तू बघितलंस. मी म्हणायची, मी त्याच्या मागचं बघितलं, तिचा चेहरा पडला होता. सगळं आयुष्य हिला आजाराचा बोल लागला, अण्णा, आणि जे चांगलं होतं ते तू आत्याला देऊन टाकलंस. तू म्हणायचास, "चांगलं म्हणून सांगशील, आणि ती बसमधलाच प्रश्न विचारील. काय उत्तर हाय तुझ्याकडं, वकीलबाई?"  दर वेळी भांडण तिथंच अडायचं.

आत्याला मात्र दिवाळीच झाली. आमच्या घरच्या रक्तानं पोरगा वाचला, तेव्हा सणावाराला नैवेद्यानंतरच्या पहिल्या होळग्या माझ्या, असं तिनं जाहीर केलं. आणि आईनं ते मानलं, हे मला सगळ्यात जास्त लागायचं. दर सणाला आई तव्यावरच्या पहिल्या होळग्या स्टीलच्या डब्यात भरायची, वर तुपाची वाटी, आणि तू तो डबा घेऊन हुबळीला जायचास. वाटेत रायापूरला थांबून एक खायचास. आत्याला ते माहीत होतं, ती ओरडायची, तू तिच्यासमोर बसून आणखी एक खायचास. मग तिचा पंखा दुरुस्त कर, कुकरची शिटी बघ, तिच्या गुडघ्यांची गाऱ्हाणी ऐक, असं करत संध्याकाळ व्हायची. एकट्या राहणाऱ्या बाईला ते किती मोठं होतं, हे मला उशिरा कळलं. त्या खोट्याचं भाडं तू असं फेडत होतास.

तर तेरावा. जेवणं झाली. घोरणारे गुरुजी सोडले तर घरचीच माणसं राहिली होती. आत्या मधल्या खोलीत खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "आमच्या घरचं रक्त म्हणून इतकी वर्षं काढली पोरानं. नाहीतर काय होतं?" रडत सांगत होती, उगाच नाही. तुझ्यावर तिचा जीव होता. तेराव्याचं अन्न घरी नेत नाहीत, हे तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत. पण तिनं पिशवी आणली होती. "अण्णा गेला म्हणून मान काय गेला होय?" म्हणाली. आईनं मुकाट्यानं डबा भरून तिच्या पिशवीत ठेवला. मग ती आत आली, ओट्यापाशी माझ्याकडं पाठ करून उभी राहिली आणि तुपाची वाटी धूत हळूच म्हणाली, "माझ्याकडनं त्याला नुसता आजारच गेला."

माझ्याच्यानं राहवलं नाही, अण्णा. तू तिथं असतास तरी राहवलं नसतं.

"आई, ते तुझ्याकडनं आलेलं. अप्पांकडनं नव्हे."

तिनं नळ बंद केला. "काय आलेलं?"

"अण्णाचा आजार ज्यानं हलका झाला ते. बाईंनी आम्हा दोघांना सांगितलं होतं. अण्णा साफ खोटं बोलला."

"का?"

"तू बसमध्ये विचारलेलंस म्हणून."

आई खालच्या पाटावर बसली. मी तिच्याजवळ बसले. काय विचारलं होतं हे तिला आठवावं लागलं नाही. तिनं माझा हात धरला, जिथं सुया टोचून टोचून कातडी जाड झालीय तिथं अंगठा ठेवला, आणि तू म्हणायचास तेच झालं. "मग तुला का नाही दिलं गं मी?"

आणि अण्णा, ज्या उत्तरासाठी आपण इतकं भांडलो ते माझ्या तोंडातून असं सहज बाहेर पडलं, जणू मी ते घरून पाठ करून आले होते. "आई, अण्णा नट-बोल्ट सांगायचा ते आठवतंय? तुझ्याकडं बोल्टाची दोन मशीनं होती. एक धड आणि एक मोडकं. अण्णाला तू मोडकं दिलंस. धड होतं ते मला दिलंस. चांगलं ते लेकीला दिलंस तू."

आई माझ्याकडं बघत राहिली. "म्हणजे त्याला मोडकं दिलं मी?"

"हो."

"आणि मोडकं घेऊन एवढा नाचला?"

ती हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता पदर डोळ्यांकडं गेला. "धड दिलं तिचे हाल, मोडकं दिलं तो मजेत. असली कसली गं देणारी मी?"

"तू निवडून थोडंच दिलंस? अंधारात डब्यात हात घातलास, हाताला लागलं ते दिलंस. पण दिलंस तूच, आई. आत्यानं नव्हे."

हे उत्तर तुला कधी सुचलं नाही, अण्णा, आणि सुचलं असतं तरी तुझ्या तोंडी शोभलं नसतं. ज्याला हलकं मिळालं त्यानं हे सांगून चालत नाही. जिला जड मिळालं तिनंच सांगायला हवं होतं. मी ते तू असताना सांगू शकले नाही, याचं आता वाईट वाटून उपयोग नाही, पण वाटतं.

 आई गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "डबा कुठाय?"

मी तिच्या मागं मधल्या खोलीत धावले. आई आत्यासमोर उभी. "वन्सं, तो डबा द्या इकडं."

"का गं सुमे? तूप सांडलं?"

"अण्णाचा उतारा माझ्याकडनं आलेला. पोरगा तुम्हाला खोटं सांगून गेला. वसूला विचारा."

 गुरुजी जागे झाले. आत्या माझ्याकडं बघायला लागली, मी मान डोलावली. इतक्या वर्षांत आत्याला पहिल्यांदा निरुत्तर बघितलं, आणि मला, कोर्टात समोरच्याला निरुत्तर करण्यात जिला फार समाधान वाटतं तिला, अजिबात समाधान वाटलं नाही. म्हातारी खुर्चीत एवढीशी दिसत होती. मग तिनं पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"तुझ्याकडनं म्हणजे कुठनं गं? तुझ्या बापाचं घर म्हणजे माझ्या आईचं माहेर. अण्णाच सांगायचा की! मग माझंच झालं ते!"

ते आईच्या आईकडूनही आलेलं असू शकतं, हा मुद्दा मला लगेच सुचला. पण प्रत्येक मुद्दा मांडायचा नसतो. आईनं आत्याकडं बघितलं, आत्यानं आईकडं, आणि आई जी हसायला लागली ती थांबेना. आत्याही हसली, मग रडली, मग दोघी मिळून तुला नावं ठेवायला लागल्या, लबाड, थापाड्या, लहानपणापासूनचा असाच. वहिनी दारात उभी राहून हसत होती आणि डोळे पुसत होती. शेवटी आईनं डबा उघडला, वरच्या दोन होळग्या काढून माझ्या हातावर ठेवल्या आणि बाकीचा डबा बंद करून आत्याला परत दिला.

निघताना आत्या उंबऱ्यात थांबली. "पुढं डबा आणणार कोण?" असं तिनं कुणालाच न विचारता विचारलं. 

"मी आणीन," मी म्हणाले. "मला पेट्रोल भरायला यायचंच असतं हुबळीला."

आता वर्षभर आपल्या घरी सण नाहीत. पण आईनं शोधून काढलंय की डब्याला सण लागत नाही. काल माझा रक्ताचा दिवस होता. आईनं सकाळीच पुरण घातलं, नैवेद्य दाखवला, पहिली होळगी मला गरम खायला लावली आणि पुढच्या डब्यात भरल्या. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. रायापूर आलं तेव्हा तुझी अशी आठवण आली की काय करावं कळेना, म्हणून डबा उघडला आणि एक खाल्ली. चांगली होती.

संध्याकाळी नव्या रक्तानं गाल लाल करून आत्याच्या दारात उभी राहिले. तिनं डबा घेतला, झाकण काढलं, आत बघितलं, मग माझ्या तोंडाकडं बघितलं. ओठाला पुरण लागलं होतं.

"वाटेत खाल्लीस," म्हणाली. "खाणारच. आमच्या घरची सवय आहे ती."